सखाहरीची सोनकी

डोंगराच्या पायथ्याला एका गावात एक भोळा माणूस होता. नाव सखाहरी. देवानं अक्कल वाटली तेव्हा हा चाळण घेऊन गेला असावा. तरी त्याचं लग्न झालं. बायको साळू हुशार मिळाली, आणि आज तिची सासरची पहिली गौर. त्या गावची रीत अशी की गौर सोनकीच्या फुलांची करायची. पहिल्या वर्षी फुलं नवऱ्यानं आणायची, गौर सुनेनंच बसवायची. गौर बसायच्या आत दिवस मावळला तर गावभर हसं.

"अवं, पठारावर जावा, सोनकी आणा. पिवळी फुलं असत्यात."

वाटेत शेजाऱ्याच्या शेतात कारळा फुलला होता. पिवळाच की! सखाहरीनं भारा उपटून आणला. मागोमाग शेजारी काठी घेऊन आला. साळूनं हातापाया पडून त्याला वाटेला लावलं.

"अवं, सोनकी कुणी पेरत न्हाई. आपसूक येती."

"मग तसं सांगायचं!"

वेशीवर एक पिवळं कुत्रं भेटलं. कुणी पेरलेलं नव्हतं, आपसूकच येत होतं. सखाहरीनं ते उचलून गौरीच्या पाटावर आणून बसवलं.

"अगं बाई! पळतं ते झाड आसतंय व्हय? सोनकी जागची हलत न्हाई."

"मग तसं सांगायचं!"

पठारावर पिवळा फेटा बांधून एक धनगर खडकावर बसला होता.

"बाबा, तुमास्नी कुणी पेरलं का?"

"न्हाई बा."

"जागचं हलता का?"

"मेंढरं चरंस्तवर न्हाई."

सखाहरीनं फेटा दोन्ही हातांनी धरला आणि मुळासकट उपटायला लागला. पुढचं धनगराच्या काठीनं पाहिलं.

दिवस कलला. साळूला रडूच फुटलं. शेवटी टोपली घेऊन तीच त्याच्याबरोबर निघाली. पठार सोनकीनं पिवळं झालं होतं. सखाहरी मघाशी तेच तुडवत गेला होता.

साळूनं टोपली भरून त्याच्या डोक्यावर दिली. "आता ही गौर झाली. पाटावर बसंस्तवर बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई."

निम्म्या वाटेत मागं धप्पकन आवाज झाला. "अवं, म्हशींच्या डबक्यात पडले! हात द्या!"

सखाहरीची मान वळू लागली. पण गौर डोक्यावर. त्यानं ओठ आवळले आणि पाय उचलला.

दारात बायका जमल्या होत्या. आई म्हणाली, "सखा, साळू कुठाय?"

सखाहरी गप्प.

"आरं, गौर कोण बसवणार? बोल की मुडद्या!"

डोळ्यांत पाणी आलं, पण गौर अजून पाटावर बसली नव्हती.

तेवढ्यात साळू धापा टाकत आली. धनगरानं तिला ओढून काढलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत नुसता चिखल. हातही तिनं पुरते धुतले नाहीत. टोपली उतरवली आणि दिवस बुडता बुडता गौर पाटावर बसवली. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सखाहरीचं तोंड सुटलं. "आये, धाव! साळू डबक्यात बुडाली!"

त्यानं खुंटीचा दोर ओढला आणि समोरच्या चिखलानं माखलेल्या बाईच्या हातात त्याचं टोक दिलं.

"बाई, तू कुणाची का असंना, पर चल लवकर! माझी बायको काढायचीया!"