रिबकामावशीची भाकरी

"मग तिनं दार का लावून घेतलं, पाळकबाबा?"

आमोसनं हे विचारलं तेव्हा त्याला अजून धाप लागलेली होती. रिबकामावशीच्या दारातून तो तडक इथं आला होता.

चर्चचे म्हातारे पाळक शिलास पाटोळे ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. ते कधीच निवृत्त झाले होते, पण मिशन कंपाउंडातली तरणी पोरं शास्त्र शिकायला अजून त्यांच्याकडेच येत. त्यातला आमोस त्यांचा फार लाडका.

"काय म्हणाली ती?"

"उद्यापासून येऊ नकोस म्हणाली. वर्षभर तिचं पाणी भरतोय, झाडलोट करतोय, औषध आणून देतोय. संधिवातानं बोटं वाकलीत तिची. माझ्याशिवाय आहे कोण तिला?"

"चहा विचारते?"

"रोज विचारते."

"मग?"

"मी घेत नाही. गरिबाच्या घरचा घोट कशाला? आपण सेवा करायला आलोय, करून घ्यायला नाही."

हे वाक्य त्यानं गेल्या रविवारी उपासनेतही म्हटलं होतं. लोकांना फार आवडलं होतं.

पाळकबाबांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकला, तेव्हा पेत्र काय म्हणाला?"

"'माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत.'"

"केवढा नम्र माणूस."

आमोसनं दाणे मुठीत धरले.

"मग प्रभूनं ऐकलं त्याचं?"

"...नाही. धुतलेच."

म्हातारबाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "जेवलायस?"

"नाही."

"मीही नाही. चल."

रिबकामावशीचं दार अजून बंदच होतं. पाळकबाबांनी कडी वाजवली.

"रिबका, दोघं उपाशी आहोत गं. भाकरी टाकतेस?"

आत बराच वेळ काही हललं नाही... मग कडी निघाली.

तिनं आमोसकडे पाहिलं नाही. चूल पेटवली, परात ओढली. वाकड्या बोटांखाली भाकरी कडेला फाटायची. ती पीठ गोळा करून पुन्हा थापायची. आमोसच्यानं बघवेना. तो अर्धा उठला.

"मावशी, मी थापू का..."

पाळकबाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही.

आमोस बसून राहिला. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चढण चढताना त्याला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

भाकरी ताटात आली. जाडजूड, एका अंगानं करपलेली, वर ठेचा. आमोस खाली मान घालून जेवला.

"आणखी घे."

नको हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. त्यानं ताट पुढं केलं.

"अर्धी द्या, मावशी."

"अर्धीनं काय होतंय?" तिनं अख्खी वाढली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माझ्या लेकाला अशीच लागायची, करपलेली. मुद्दाम करपवून घ्यायचा."

आमोसचा घास हातातच राहिला. वर्षभर तो या घरात राबत होता. हिला मुलगा होता, हे त्याला आज कळत होतं.

"काय नाव होतं त्याचं?" त्यानं विचारलं.

ती चुलीपाशीच बसली आणि सांगत राहिली. सांगता सांगता एकदा हसलीही. चूल विझली तरी तिचं बोलणं चाललंच होतं.

निघताना ती दारापर्यंत आली.

"उद्या पाणी लागेल," आमोसला म्हणाली. "जरा लवकर ये. चहा ठेवते."

परतीच्या वाटेवर पाळकबाबा आमोसच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होते. त्यानं आपली पावलं त्यांच्या चालीला जुळवली. मग हळूच म्हणाला,

"पाळकबाबा, आज मी तिच्यासाठी काहीच केलं नाही."

"हं," म्हातारबाबा म्हणाले. "उद्याही जरा कमीच कर."