पाण्यामागचं बोलणं

त्या मुलखात एक कडा होता आणि त्या कड्यावरून पाणी पडत असे. ते कधी थांबत नसे. तिथल्या पाखरांच्या आज्या-पणज्यांनीही ते पडतानाच पाहिलं होतं, आणि त्याआधी काय होतं हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पडत्या पाण्याच्या मागे, कड्याच्या अंगात, कपारी होत्या. त्या कपारींत पाकोळ्यांची वस्ती होती.

पाण्याचा आवाज फार मोठा होता. पण हे आपण बाहेरचे म्हणून म्हणायचं. पाकोळ्यांना तो ऐकूच येत नव्हता. अंड्यात असतानाच तो त्यांच्या कानांत जाऊन बसलेला असे, आणि जे कधी सुरू झालं नाही आणि कधी थांबलं नाही, ते ऐकायचं तरी कसं? त्या आवाजाला त्यांच्याकडे नाव नव्हतं. आपल्याकडे सगळं कसं निवांत आहे, असं त्या म्हणत, आणि खरंच मानत.

त्यामुळे ती पाखरं ओरडून बोलत. त्याला ती ओरडणं म्हणत नसत, बोलणंच म्हणत. पिल्लांना निजवायचं ते ओरडून, गेलेल्यासाठी रडायचं तेही ओरडून. एखाद्या नराला आपल्या मादीला काही नाजूक सांगायचं असलं, तर तो समोरच्या कपारीवर जाई, छाती फुगवी आणि तिथून सांगे. अख्ख्या कड्याला कळे. जवळ बसून बोललं तर कान फुटत, म्हणून जिवाभावाची पाखरं एकमेकांपासून लांब बसत. जितकी माया जास्त तितकं अंतर जास्त. एखादं पोर आईच्या पंखाशी सरकलं तर आई म्हणे, "लांब बस रे राजा, बोलायचंय तुझ्याशी."

पिल्लाला पंख फुटले की त्याची हाक बघायची रीत होती. पिल्लाला कपारीच्या तोंडाशी उभं करत. समोरच्या सुळक्यावर दणकोजी बसे. दणकोजी म्हणजे त्या कड्यावरचा मोठा. मोठा कशानं, तर आवाजानं. पिल्लानं तिथून आपलं नाव सांगायचं. दणकोजीला ऐकू आलं की तो दोन्ही पंख उघडे, आणि मग ते नाव त्या पिल्लाचं होई. ऐकू आलं नाही तर ते पिल्लू मुकं.

मुक्यांना कुणी मारतझोडत नसे. तसली ती पाखरं नव्हतीच. गुहेच्या अगदी पोटात, अंधाराच्या अंगाला, एक कपार होती. तिथं मुक्यांना नेऊन बसवत आणि रोज खायला नेऊन देत. फक्त त्यांच्याशी बोलत नसत. जो बोलत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

राही नावाच्या पाकोळीला एकच पोर होतं. नवरा एका वादळात गेला, तो परत आला नाही. त्याची बहीण ठकू शेजारच्या कपारीत राहायची, तिचाच काय तो आधार. पोर फार नाजूक होतं. राहीनं मनातल्या मनात तिचं नाव इवली ठेवलं.

हाकेच्या दिवशी सगळा कडा जमला. दणकोजी सुळक्यावर बसला आणि म्हणाला, "बोल बाळा, कोण तू?"

इवलीनं सांगितलं.

"मोठ्यानं! आम्ही काय खातोय का तुला?"

पाखरं हसली. इवलीनं पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं. दणकोजी कान देऊन बसला होता, त्यानं कसूर केली नाही. पण त्याचे पंख मिटलेलेच राहिले. शेवटी त्यानं मान खाली घातली. त्यालाही वाईट वाटलं होतं.

राहीनं स्वतःच पोरीला मागच्या कपारीत नेऊन बसवलं. तिथं घनाबाबा नावाचा एक म्हातारा मुका होता. तो जरा सरकला आणि त्यानं इवलीला जागा करून दिली.

त्यानंतर राही रोज चोचीतून पंखवाले मुंगळे घेऊन जाई, पोरीपुढे ठेवी, मायेनं चार हात लांब सरके आणि ओरडे, "खाल्लंस का गं माझे बाई?" इवली अंग चोरून घेई. राहीला वाटे, पोरीला काही कळत नाही. डोळे पुसत ती परत फिरे. असे कितीतरी दिवस गेले.

मग एका दुपारी वर, कड्याच्या माथ्यावर, दरड ढासळली. माती, झाडोरा, दगड सगळं ओढ्याच्या तोंडाशी येऊन बसलं आणि पाणी कुठंतरी दुसऱ्या अंगानं गेलं. खाली पडणारं पाणी आधी पातळ झालं, मग त्याची धार झाली, मग थेंब झाले. मग तेही थांबले.

पाखरांना कळेना काय झालं. हवा फुटली, असं कुणीतरी म्हणालं. कानांत काहीतरी घुसलं होतं, हे मात्र सगळ्यांना जाणवत होतं. नखं दगडावर घासत होती आणि त्या घासण्याचा आवाज येत होता. शेवाळातून टप् करून काही पडे आणि सगळी वस्ती दचके. आपल्याच छातीत कुणीतरी चोच मारतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. एकेक करून सगळी म्हणू लागली की आपल्याला मोठा आजार झाला.

दणकोजीनं धीर द्यायला म्हणून तोंड उघडलं. "घाबरू नका!" एवढंच तो म्हणाला, आणि दोन-चार पाखरं कपारीवरून खाली पडली. पडलेल्यांतलं एक वर येऊन कण्हत म्हणालं, "अहो, तुम्ही धीर देऊ नका."

राहीला सगळ्यात आधी पोर आठवली. ती मागच्या कपारीकडे धावली. अंधारात वळणार, तोच ती जागच्या जागी थबकली. आत कुणीतरी बोलत होतं. तिच्या जन्मात तिनं तसलं बोलणं ऐकलं नव्हतं. जसं पान पानावरून सरकावं तसं ते होतं. म्हातारा घनाबाबा गोष्ट सांगत होता, सगळे मुके त्याच्याभोवती दाटीनं बसले होते आणि मध्येच कुणीतरी विचारत होतं, "मग? मग काय झालं?"

ते विचारणारी इवली होती.

"इवले!" राही ओरडली. सगळी कपार आक्रसली.

"आई, हळू," इवली म्हणाली. "हळू बोल ना. डोकं दुखतं."

राहीनं हळू बोलायचा प्रयत्न केला. तसला आवाज तिच्याजवळ नव्हताच. आधी नुसती घरघर आली.

"सावकाश, सूनबाई," घनाबाबा म्हणाला. "येईल. मी लहानपणी तुमच्यासारखं बोलायला शिकत होतो. मला ते आलं नाही, तुला हे येईल."

"तू बोलतेस?" राहीनं पोरीला विचारलं. आवाज फाटका आला, पण हळू आला.

"रोज बोलते."

"काय बोलतेस गं?"

"हेच, की मुंगळे नको आणूस. त्यांचे पाय घशाला टोचतात."

राही हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि तेही तिला हळूच रडावं लागलं.

"आणखी काय म्हणतेस?"

"तू निघालीस की थांब म्हणते. पण तू जातेसच."

त्या दिवशी राही गेली नाही. दुसऱ्याही दिवशी गेली नाही. ती पोरीला खेटून बसली. चार हात लांबून तिला कधी कळलं नव्हतं की पोरीच्या पंखाखालची पिसं किती ऊन असतात. इवली बोलत असे आणि ती ऐकत असे. किती साठलं होतं त्या एवढ्याशा गळ्यात! वादळात गेलेल्या बापाबद्दल इवलीनं विचारलं, तेव्हा राहीला कळलं की हे पोर आपल्याला त्याच्याबद्दल किती दिवसांपासून विचारतंय.

एकदा तिनं घनाबाबाला विचारलं, "पाणी पडत होतं तेव्हा तुम्ही कसं बोलायचात?"

"मानेला मान लावून. चोच कानाच्या पिसांत घालून. आम्हाला तेवढ्यात ऐकू येतं."

"मग पाणी परत आलं तरी मला पोरीचं ऐकू येईल?"

"तुझे कान त्या दणक्याला सरावलेत गं बाई," तो म्हणाला. "आम्ही लहानपणापासून मागं बसलो, म्हणून आमचे वाचले. तुझं सांगता येत नाही."

तिकडे पुढे कड्यावर सभा भरली होती. पाखरं झुरत चालली होती. झोप नव्हती, कानांत शेवाळाचे बोळे होते. कुणी कुणाशी बोलू धजत नव्हतं, कारण बोललं की दोघांनाही इजा होई. शेजाऱ्याची झोपेतली कुरकुर सुद्धा ऐकू येऊ लागली होती आणि ती ऐकणं फार जड होतं. माथ्यावर जाऊन आलेल्यांनी सांगितलं की मातीचा बांध बसला आहे, सगळ्यांनी थोडी थोडी माती उकरली तर पाणी मोकळं होईल. दणकोजीनं ठरवलं, घरटी एक चोच माती. मुक्यांना त्यातून माफ केलं.

राही सभेत आली. तिला सांगायचं होतं, आणि सांगायला तिच्याजवळ दोनच आवाज होते. आधी तिनं जुना वापरला. "थांबा!" म्हणून ती ओरडली. सगळी पाखरं कळवळून खाली बसली आणि पार मागे, अंधारातून, पोरीचं कण्हणं आलं. ते आता तिला ऐकू येत होतं.

मग तिनं नवा आवाज वापरला. "थोडे दिवस असंच राहू द्या," ती म्हणाली. "सवय होईल. मागं सगळे बोलतात. माझी पोर बोलते. तुमचीही बोलतात. एकदा येऊन बघा."

कड्यावर अशी शांतता होती की शेवाळाच्या टोकाचा थेंब सुटताना ऐकू यावा. दणकोजीनं पुढे वाकून, मोठ्या काळजीनं कान दिला.

"मोठ्यानं बोल, राही," तो म्हणाला. "ऐकू येत नाही."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणाली. इतकं हलकं बोलणं हे बोलणं असतं, हे तिथं कुणाच्या कानाला माहीतच नव्हतं. पाखरं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी हळहळून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सगळी माथ्याकडे निघाली. राही निघाली नाही. ठकू तिच्याकडे आली. तिनं राहीची पिसं सारखी केली, स्वतःच्या कानातला बोळा काढून पुन्हा नीट घातला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "वहिनी, तू नको येऊस. तू बरी नाहीस. तुझ्या वाटची माती मी काढते."

"वन्सं, नको," राही म्हणाली. "पाया पडते तुमच्या. तेवढी एक चोच राहू दे."

ठकूनं तिच्या पाठीवरून मायेनं पंख फिरवला आणि ती उडाली. ती शब्दाला जागली. तिनं आपल्या वाटची माती काढली, आणि राहीच्या वाटचीही काढली.

राही मागच्या कपारीत पळाली. "बोल," ती इवलीला म्हणाली. "आणखी बोल. काहीही बोल." इवलीला काय बोलावं सुचेना. एरवी इतकं बोलणारी ती पोर, नेमकी तेव्हा गप्प झाली. मग ती म्हणाली, "आई, तू रडताना घशात कसा—" आणि वर काहीतरी सुटलं, कडा हादरला आणि पाणी आलं.

पाणी आल्याबरोबर पाखरांनी कानांतले बोळे काढून टाकले. आजार गेला. सगळीकडे पुन्हा निवांत झालं. दणकोजी सुळक्यावर जाऊन बसला, नवरे समोरच्या कपारींवर गेले, आया पोरांपासून लांब सरकल्या आणि सगळ्यांनी एकमेकांना पोटभर हाका मारल्या. त्या रात्री कड्यावर सगळ्यांना गाढ झोप लागली.

राही पुढे आपल्या घरट्यात परत आली नाही. ठकूनं बरीच वाट पाहिली आणि मग खाणं घेऊन ती मागच्या कपारीत गेली. अंधारात तिला दोघी दिसल्या. मोठ्या पाकोळीनं लहानीच्या मानेला आपली मान घट्ट लावली होती. लहानीच्या गळ्याची बारीक थरथर तिच्या पिसांना लागत होती आणि ती डोळे मिटून बसली होती. ठकूला वाटलं, थंडी वाजत असेल. खाणं तिनं दोघींपुढे ठेवलं, नीट चार हात लांब गेली आणि जीव एकवटून तिनं विचारलं, "वहिनी, आता बरं वाटतंय का गं?"

दोघी दचकल्या आणि आणखी जवळ सरकल्या. ठकू उत्तरासाठी थांबली. घाई करून चालणार नव्हतं, हे तिला कळत होतं, म्हणून ती बराच वेळ तिथंच बसून राहिली. समोर, अंधारात, दोन चोची सारख्या हलत होत्या.