जंतांना अभय

कुसळगडच्या मेंढ्यांच्या पोटातले जंत राजाचं ऐकेनासे झाले होते.

राजा उदयभानाला हे मुळीच खपत नव्हतं. त्याच्या हुकुमाने सरकारी कुरणावरच्या झाडून सगळ्या मेंढरांना दर अमावास्येला कडू औषध पाजलं जाई. लठ्ठ असो, रोड असो, सुटका नाही. 'माझ्या राज्यात एकही जंत जिवंत राहता कामा नये,' अशी दवंडीच होती. सुरुवातीला मेंढरं कशी टुमटुमीत दिसायची. मग हळूहळू औषध लागू पडेना. मेंढरं खंगली, त्यांच्या जबड्याखाली सूज लोंबू लागली आणि पापणीच्या आतली लाली जाऊन तिथे खडूसारखा पांढरेपणा आला.

राजाने कुरणाचा मुख्य धनगर, म्हातारा धुळबा, याला दरबारात बोलावलं. सोबत त्याची सून गोजराही आली, कारण राजाच्या नुसत्या आवाजाने सासऱ्याची बोबडी वळे.

"पुढच्या दिवाळीपर्यंत या जंतांनी औषधाला मरायला पाहिजे," राजा गरजला. "औषध हेच राहील, माझ्या आजोबांच्या कृतीचं. त्यात एक पान बदलायचं नाही, एक थेंब वाढवायचा नाही. जमलं नाही तर धनगरांनी कुरण सोडून चालतं व्हायचं."

धुळबाच्या तोंडचं पाणी पळालं. कुरण गेलं तर एवढी मेंढरं न्यायची कुठे? काळजी गोजरालाही होती, पण राजाचं बोलणं ऐकून तिला गुदगुल्या होत होत्या. तिने पदर तोंडावर दाबला, तरी फिसकन हसू निसटलंच.

"हसतेस कशाला?"

"चुकलं महाराज. जंतांवर डोळे वटारणारा राजा पहिल्यांदाच बघितला."

सासऱ्याने तिला कोपरखळी मारली. तिने ती मुकाट्याने सोसली आणि म्हणाली, "काम होईल. फक्त आधी अभय द्या."

"दिलं," राजा म्हणाला. "राजाचा शब्द आहे. या म्हाताऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"मामंजींना नको. जंतांना द्या."

राजाच्या मिशा थरथरल्या. "कोण आहे रे तिकडे? हिला बाहेर काढा!"

कुणीही हललं नाही. पंखेवाला संथपणे वारा घालत राहिला. द्वारपालाने दाढी खाजवली. पाणक्या खांबाला टेकून पेंगत होता, तो पेंगतच राहिला.

गोजराने सगळीकडे नजर फिरवली. "महाराज, पूर्वी तुम्ही असे ओरडलात की काय व्हायचं?"

"वाडा हादरायचा. माणसं धावत सुटायची."

"आता ती माणसं कुठं आहेत?"

"गेली नोकरी सोडून. भित्री होती."

"आणि ही राहिलेली?"

राजाने पंखेवाल्याकडे पाहिलं. पंखेवाल्याने अदबीने मान लववली. तो ठार बहिरा होता.

"यांना..." राजा जरा अडखळला, "यांना माझ्या ओरडण्याने काही होत नाही."

"जंतांचं तेच झालंय. औषधाला दबणारे होते ते तुम्ही सरसकट मारले. उरले ते हे कडू औषध पन्ह्यासारखं पिणारे. आता त्यांचीच पिल्लावळ कुरणभर पसरलीय. औषधात काही खोट नाही. माझ्या भावाची शेळी आजारी पडली तेव्हा तिला हेच पाजलं, तर ती आठवड्यात छपरावर चढून बसली. डोंगरातल्या माझ्या माहेरच्या शेळ्यांनी त्याआधी उभ्या जन्मात औषध बघितलं नव्हतं. त्यांचे जंत अजून भित्रे आहेत. तेवढे मला माहेरहून आणू द्या."

"माहेरहून जंत?"

"बाकीच्या सुना सांडगे-पापड आणतात. मी हे आणते."

राजाला ओरडावंसं फार वाटलं, पण शब्द देऊन बसला होता.

गोजराने उन्हाळाभर मेंढरं गोठ्यात सुक्या चाऱ्यावर बांधली आणि कुरण रिकामं ठेवलं. उन्हाने गवतावरचे जुने जंत होरपळले, मेंढरांच्या पोटातले बरेचसे वय होऊन मेले. पावसाला सुरुवात होताच भावाच्या शेळ्या आल्या आणि कुरणभर लेंड्या टाकत, माहेरचे जंत पेरत हिंडल्या. त्यांच्यामागून मेंढरं आत सोडली. औषध आता सगळ्यांना नव्हतं. गोजरा एकेका मेंढीची पापणी उलटून बघे. पांढरी दिसली तर औषध, लाल दिसली तर "जा, चर." धुळबा धास्तावून विचारी, "सूनबाई, हिच्या पोटात जंत राहिले ना गं?" ती म्हणे, "राहू द्या मामंजी, पाहुणे आहेत. हे भित्रे संपले तर पुन्हा धीटच उरतील."

दिवाळीला राजा स्वतः कुरणावर आला. मान टाकून उभा असलेला, पांढऱ्या पापणीचा एक एडका त्याने निवडला आणि आपल्या हाताने त्याला औषध पाजलं. पंधरवड्याने तो पुन्हा आला. दुसऱ्या एका मेंढीची पापणी बघायला तो वाकला, तोच मागून तो एडका दौडत आला आणि त्याने राजाला अशी सणसणीत धडक दिली की महाराज गवतात पालथे पडले.

धुळबाने डोळे मिटून घेतले. गोजराला हसू आवरेना, म्हणून तिने जीभ दाताखाली धरली.

राजा उठला. दाढीत काड्या, कपाळावर आठ्या.

"औषध लागू पडलं, ते समजलं," तो म्हणाला. "पण माझी दवंडी होती की राज्यात एकही जंत नको. तू तर ते मुद्दाम पाळलेस. माझा हुकूम मोडलास."

"उलट आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "पूर्वीचे जंत हुकूम मोडत होते. आता जे ठेवलेत ते मरा म्हटलं की मरतात. असे हुकमाचे ताबेदार तुमच्या दरबारात तरी आहेत का?"

राजाला जे हसू फुटलं, ते थांबेचना. हसता हसता तो पुन्हा गवतात बसला. तिथेच बसून त्याने कुरण पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या हवाली केलं, आणि कुठल्या मेंढराला औषध द्यायचं ते गोजराच ठरवील, असंही जाहीर केलं.

"आणि हा एडका," कमरेवर हात दाबत तो म्हणाला, "हाही बक्षीस. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."