एकाचंच बारसं

फार फार पूर्वी एका उजाड माळावर एक उंदरीण राहायची. पलीकडच्या हिरव्या रानातली हत्तीण दरवर्षी येऊन तिला तेच ते सुनवायची, "अगं, किती ही पिल्लं! माझ्यासारखं एकच पुरे. मग बघ माळाचं कसं भलं होतं."

एका वर्षी उंदरीण वैतागली. "हत्तीणबाई, तुमच्या एकाला हात लावायची कोणाची छाती आहे? इथे धामण रोज बिळात शिरते. तो धोंडा लोटून बिळाचं तोंड तेवढं अरुंद करा, म्हणून मागेच विनवलं होतं. तुम्ही उपदेश करून चालत्या झालात!"

हत्तिणीने विषय बदलला. "बरं, पिल्लांची नावं काय?"

"अजून नाहीत. पावसाळा काढेल त्याचंच आम्ही बारसं करतो. गेल्या साली एकाचंच झालं. अगदी तुमच्यासारखं."