दोन ठोक्यांच्या मधी

लई जुनी गोष्ट. तुमच्या आज्याच्या आज्याला दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची.

एका खाडीच्या काठाला प्रभूला मानणाऱ्या लोकांचं गाव होतं. खाडी मोठी खोडकर. आत्ता पाणी, तर घटकेत चिखल, आणि मनात आलं की वरून धुक्याची गोधडी. स्वतःचं नाक दिसायचं न्हाई, मग काठ कुठला दिसायला?

म्हणून गावानं एक रीत घातली होती. धुकं पडलं की देवळातली म्हातारी घंटेचा एक ठोका द्यायची. मग प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश म्हणायची, आणि आमेन झालं की दुसरा ठोका. होडीतल्यानंबी तेच करायचं. ठोका आला तिकडं होडीचं तोंड फिरवायचं, प्रार्थना म्हणत हळू वल्हवायचं, आमेन जवळ आलं की वल्ही वर घेऊन गप कान द्यायचा. लहान लेकरांनाबी हे येत होतं. मोठ्यांचं मात्र विचारू नका.

त्या गावात दोघं भाऊ. थोरला बापाशी भांडून बारा वर्षं पलीकडच्या काठाला जाऊन राहिलेला. भांडण कशावरून झालं ते बापालाबी आठवत नव्हतं आणि लेकालाबी, पण फुगलेली तोंडं काही उतरली न्हाईत. धाकटा बापाजवळ राहिला. कामाला वाघ! पण धीर म्हणाल तर चुलीवरचं दूध, जरा आच लागली की उतू.

बाप आजारी पडला. एका सकाळी त्यानं धाकट्याला जवळ बोलावलं.

"थोरल्याला घेऊन ये. एक गोष्ट सांगायची राहिलीय त्याला. माझी जीभ चालतीय तोवर आण, बाबा."

धाकट्यानं होडी काढली. थोरल्यानं निरोप ऐकला, सदरा उलटाच अंगात घातला आणि येऊन होडीत बसला.

अर्ध्या वाटेत धुकं आलं.

ठण्ण! घंटा वाजली. धाकट्यानं होडी वळवली, प्रार्थना म्हणत वल्हवली, आमेनला वल्ही वर घेतली. ठण्ण! बरोब्बर. असं चार-पाच वेळा झालं. पण त्याच्या डोळ्यांपुढं बापाचा चेहरा नाचत होता. प्रार्थनेचे शब्द तो गिळायला लागला, दोन ओळी म्हण, चार सोड. साहजिकच आमेन लवकर आलं. आणि ठोका काही येईना.

"दादा, घंटा बंद पडली!"

"कुठली बंद पडतीय? तुझी प्रार्थनाच अर्धी झालीय. उरलेली म्हण की."

इतक्यात एक पाणकावळा होडीच्या टोकावर येऊन बसला. पंख झटकले, मान वाकडी केली.

"काय रे, कुणाची वाट बघताय?"

"घंटेची," धाकटा म्हणाला.

"ती म्हातारी? डुलकी लागली असंल तिला. आणि तुमच्या देवाला तरी ह्या धुक्यात तुम्ही दिसताय का? मी रोज उडतो हिथनं. चला माझ्या मागं."

थोरला म्हणाला, "पाखराचं कसलं ऐकतोस? अरे, बारा वर्षं गावात तू राहिलास आणि रीत मी सांगायची व्हय?"

"बारा वर्षं तुला बाप आठवला न्हाई, आणि आता मला शिकवतोस?"

थोरल्यानं खाली मान घातली. 

धाकटा पाणकाव‌ळ्याच्या मागं निघाला. वल्ही अशी मारली, अशी मारली, की पाण्याचा नुसता धबाधबा आवाज. त्या आवाजात ठोका पडला, पण ऐकायला कान मोकळा कुठं होता? मग होडी खसकन चिखलात रुतली. ओहोटी लागली होती. बघता बघता चहूकडं चिखल आणि डबकी, डबक्यात अडकलेली मासळी. पाणकाव‌ळा एक एक उचलून गिळायला लागला.

"अरे मेल्या, कुठं आणलंस आम्हाला?"

"जेवायला," पाणकावळा म्हणाला. "मी माझ्या पोटाकडं निघालो होतो. कुठं निघालास, हे तू इचारलं असतंस तर!"

तेवढ्यात मागच्या अंगानं, अगदी स्वच्छ, ठण्ण!

धाकट्याचा चेहरा उतरला. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकबी शब्द न गाळता प्रार्थना म्हटली. आमेन म्हटलं आणि ठण्ण! पुन्हा म्हटली. पुन्हा ठण्ण! म्हातारीनं एक ठोका चुकवला नव्हता.

त्यानं चिखलात उडी टाकली, तर कमरेपर्यंत आत गेला. थोरल्यानं बखोटीला धरून वर ओढला. आता भरती येईस्तोवर बसायचं. घंटा इतकी जवळ, की वाटावं हात लांबवला तर लागंल. आणि होडी जागची हलंना. दोघं भाऊ बसून ठोके ऐकत राहिले.

दिवस कलला तेव्हा पाणी चढलं. घंटेच्या मागं मागं दोघं काठाला लागले आणि धावत घर गाठलं. बाप जिवंत होता. डोळे उघडे होते. पण दुपारीच त्याची जीभ गेली होती.

"दुपारपर्यंत थोरल्याचं नाव घेत होता बघा," शेजारीण म्हणाली.

बापानं थोरल्याकडं बघितलं. ओठ हलले, आवाज आला न्हाई. दिवेलागणीला तो देवाघरी गेला.

मूठमाती देऊन परत येताना थोरल्यानं विचारलं, "काय सांगणार होता रे तो मला?"

धाकट्याला काय ठाऊक?

"शिवी असती तरी चाललं असतं," थोरला म्हणाला. "डोक्यावर घेतली असती."

धाकट्यानं पुढं देवळात गुडघे टेकून लई वेळा माफी मागितली. देवानं दिलीबी असंल, तो दयाळू हाय. थोरल्यानंबी कधी बोल लावला न्हाई. पण जेवताना थोरला मधीच घास हातात धरून थांबायचा, कायतरी ऐकू येतंय का बघावं तसा. आणि धाकट्याला समोरचं ताट जड व्हायचं.

म्हणून सांगतो, देव गप झालासा वाटला तर आपणबी थांबून कान द्यावा. तो वाट सोडत न्हाई, आपली घाई सोडते.