बारा वीसचं जेवण

“आणि पोरीनं काय खाल्लं?”

सुभद्राबाईंनी विचारलं तेव्हा हेमंत खैरनारच्या मांडीवर तो कागद उघडाच होता. मुलांना थीम पार्कला नेलं होतं त्या सहलीचा: तीन दिवस, नऊ जेवणं. प्रत्येकापुढे वेळ, हॉटेलचं नाव, मुलांना तिखट लागणार नाहीत असे पदार्थ, आणि जागा मिळालीच नाही तर जवळचं दुसरं हॉटेल.

हेमंत पुण्यात पुलांच्या कामांची वेळापत्रकं आखायचा. त्याचं वेळापत्रक कधी चुकत नाही असा त्याचा लौकिक होता, आणि तो त्याला ठाऊक होता.

सुभद्राबाई चाळीसगावजवळच्या एका लहानशा मठात राहायच्या. महानुभाव पंथाच्या तपस्विनी. वय ऐंशीच्या पुढे. साठ वर्षं भिक्षा मागून जेवलेल्या. हेमंतच्या आईच्या त्या गुरू. आई होती तोवर तो दरवर्षी दंडवताला यायचा. आई गेल्यावर आज, सहा वर्षांनी आला होता.

“पहिल्या दिवशी दुपारी जंगलातलं हॉटेल,” तो कागदावर बोट ठेवून म्हणाला. “तिथं खोटा हत्ती सोंड हलवतो. मुलांसाठी दहीभात, बटाट्याच्या काचऱ्या. दुसऱ्या दिवशी जहाजातलं. तिथं सशाचा पोशाख केलेला माणूस टेबलापाशी येतो, मुलांशी हात मिळवतो. त्याची जागा पंचेचाळीस दिवस आधी धरावी लागते. पंधरा मिनिटं उशीर झाला की जागा गेली.”

“हे कागदावरचं झालं,” बाई म्हणाल्या. “पोरीनं काय खाल्लं?”

हेमंतनं कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.

“बाई, मी चांगल्यासाठीच केलं होतं…”

“हं.”

“त्याच्या आदल्या वर्षी असंच एका पार्कात गेलो होतो. काही ठरवलं नव्हतं. जिथं जावं तिथं रांग. दोन तास मुलं उपाशी फिरली. धाकटा शर्विल तेव्हा अडीच वर्षांचा. रडून रडून माझ्या खांद्यावर झोपला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.”

“बरोबर ठरवलंस. मग?”

“मग… दुसऱ्या दिवशी जुईला सव्वाअकरालाच भूक लागली.”

“जेवण कधी होतं?”

“बारा वीसला.”

“म्हणजे भूक लवकर आली.”

हेमंतला हसू आलं नाही. बाईही हसल्या नव्हत्या.

“समोर मक्याच्या कणसांची गाडी होती. ती म्हणाली, बाबा, कणीस. मी नाही म्हणालो. पोट भरलं असतं, जहाजात जेवली नसती. माझी बायको, तृप्ती म्हणाली, द्या ना तिला अर्धं. मी तृप्तीला म्हणालो, दोन महिने मी यासाठी राबलोय, एक तास कळ काढा.”

“काढली?”

“काढली. सहा वर्षांची आहे, पण काढली. बारा वाजता आम्ही जहाजाच्या रांगेत उभे राहिलो. पुढं एक आजी होती, नातवाला घेऊन. बाहेरचं खायला आत नेऊ देत नाहीत. पण तिनं पदराआड गुळाची पोळी आणली होती. नातवाला देताना तिला जुई दिसली. तिनं जुईलाही तुकडा दिला.”

मठाच्या अंगणात कुणीतरी गहू वाळत घातला होता. एक चिमणी येऊन दोन दाणे टिपून गेली.

“जुईनं माझ्याकडं पाठ केली,” तो म्हणाला. “माझ्याकडं पाठ करून ती भराभरा खात होती. मला दिसलं.”

“मग?”

“मी तिला फिरवलं. तिच्या तोंडापुढं हात धरला…”

हेमंतनं उजवा तळहात पुढं धरून दाखवला.

“म्हणालो, थुंक.”

…

“थुंकली?”

“लगेच. रडली नाही, पाय आपटले नाहीत. माझ्या तळहातावर थुंकली. आणि हातात राहिलेला तुकडाही तिथंच ठेवला. मी न मागता.”

“ती म्हातारी काय म्हणाली?”

“काही नाही.” हेमंतचा आवाज खाली गेला. “तिनं तिच्या नातवाला जवळ ओढून घेतलं.”

त्यानं मांडीवरचा कागद सरळ केला.

“बारा वीसला आम्ही टेबलावर होतो,” तो सांगू लागला. “सगळं आलं. ससा आला. फोटो आहे. जुई प्रत्येक घास हातात घ्यायची आणि माझ्याकडं बघायची. आता खाऊ, बाबा? मी हो म्हटलं की खायची. त्या दिवशी मला वाटलं, चला, शिस्त लागली… बाई, मला बरं वाटलं त्या दिवशी.”

“आणि आता?”

“तीन आठवडे झाले. अजून विचारते. पाणी प्यायचं तरी विचारते. परवा शाळेतून टीचरांचा फोन आला. डब्याच्या सुट्टीत ती डबा उघडून नुसती बसून राहते. सगळी मुलं जेवतात. टीचरांनी विचारलं तर म्हणाली, बाबांनी सांगितलं नाही.”

त्यानं मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शाळेचा तो फोन त्यानं चारचौघांत, मीटिंगमध्ये घेतला होता. समोरच्यांनी विचारलं, सगळं ठीक ना? तो म्हणाला होता, हो, मुलगी जरा कमी जेवते.

“म्हणून हे केलंय,” असं म्हणून त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. “पुन्हा तिथंच नेतो तिला. या वेळी प्रत्येक जेवणाला त्याच दिवशी जागा मिळते अशी तीन हॉटेलं लिहिलीत. तीच निवडणार. तिच्या मनासारखं. तुम्ही एकदा बघून सांगा, बरोबर आहे का.”

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“पोरीनं कधी निवडायचं?”

“सकाळी साडेआठपर्यंत. म्हणजे मग जागा धरायला…”

तो मध्येच थांबला.

बाईंनी कागद परत दिला. उठल्या. खुंटीवरची झोळी काढून आणली. सकाळी पाच घरं फिरून आणलेली भिक्षा. त्यांनी ती थाळीत उतरवली. भाकरीचा चतकोर, वांग्याची भाजी, खिचडी, कुठल्याशा घरची शेवयांची खीर. सगळं एकमेकांत गेलेलं.

त्यांनी थाळी हेमंतपुढं ठेवली. स्वतः समोर बसल्या.

हेमंत पहाटे पाचला निघाला होता. वाटेत चहाशिवाय पोटात काही नव्हतं. आता दुपारचा एक वाजत आला होता.

बाई ‘जेव’ म्हणाल्या नाहीत.

तो वाट पाहत राहिला. आधी बाईंनी घास घ्यायचा असेल. काही म्हणायचं असेल. आई असती तर तिनं सांगितलं असतं… त्यानं हात पुढं केला, मागं घेतला. बाईंच्या तोंडाकडं बघितलं.

“घेऊ का, बाई?”

शब्द तोंडातून गेले, आणि त्याला ऐकू आले.



हेमंतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाळिशीचा माणूस, खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. बाईंनी नजर अंगणाकडं वळवली. लाजलेल्या माणसाकडं बघू नये, तसं.

थोड्या वेळानं त्यानं भाकरी मोडली. खिरीत भिजलेलं वांगं खाल्लं. सगळं खाल्लं. थाळी विसळून पालथी घातली आणि परत येऊन बसला.

“मी तिची माफी मागायला हवी.”

“मागितली नाहीस?”

“मागितली. ती म्हणाली, ठीक आहे बाबा. मग म्हणाली, आता खेळायला जाऊ?”

“मग माफी नको मागू,” बाई म्हणाल्या. “जेवण माग.”

“कुणाकडं?”

“तिच्याकडं. तिच्या डब्यातलं असेल, मुठीतले फुटाणे असतील. तिच्यापुढं खाली बस. हात पसर.”

“काय म्हणू?”

“भूक लागली म्हण. लागलेली असली तरच म्हण.”

हेमंतनं स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. उजव्या. लगेच मूठ मिटली.

“आणि नाही म्हणाली तर?”

बाई झोळी झटकत होत्या. दोन शितं जमिनीवर पडली. ती त्यांनी वेचली, तोंडात टाकली.

“आम्हाला नाही म्हटलं, की आम्ही पुढच्या दारी जातो.”

झोळी त्यांनी खुंटीला अडकवली.

“तुला पुढचं दार नाही.”