सहाव्या फोटोची जागा

"...म्हणजे कुणाचंही पोर आणायचं आणि आमच्या भिंतीवर टांगायचं, असंच ना बाबा?"

विश्वासराव नाईकनवरे तावातावानं बोलत होते. तीस वर्षांपासून बाबांचे शिष्य, पण आवाज असा की गुरू तेच वाटावेत.

रेवणबाबा चुलीपुढे चहा ढवळत होते. वर पाहिलं नाही.

दाराशी विश्वासरावांची सून कांचन उभी होती. कडेवर सात महिन्यांची जुई, अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली. काखेत त्याच पोरीचा चौकटीतला फोटो.

"आज हा फोटो भिंतीवर लागला नाही, तर आम्ही तिघं उद्या घर सोडतो," ती म्हणाली. "मी बाबांसमोरच सांगते, आप्पा. नंतर म्हणू नका बोलली नाही."

"बघा! बघा जीभ!"

नाईकनवऱ्यांच्या घरची रीत अशी, की पोर सहा महिन्यांचं झालं की जुनी जरीची कुंची घालायची आणि फोटो काढायचा. कांचननं जुईलाही तीच कुंची घातली होती. त्यावरूनच तर सगळं पेटलं!

विश्वासरावांनी पिशवीतून पाच फोटो काढून चटईवर मांडले. वडील, काका, ते स्वतः, धाकटा भाऊ, मुलगा.

"एकच चेहरा, बाबा. नाक बघा, कपाळ बघा. रक्त लपतं का?"

बाबांनी निवांत पाहिलं.

"तुझा कुठला?"

"हा काय! डाव्या गालावर तीट आहे तो."

बाबांनी चहाचं भांडं उतरवलं. बुडाच्या काजळीवर बोट घासलं आणि पाचही फोटोंच्या काचेवर, डाव्या गालाशी, एकेक ठिपका दिला.

"अहो बाबा, हे काय..."

"पाठ कर."

विश्वासरावांनी पाठ केली. बाबांनी फोटो वरखाली केले.

"आता उचल स्वतःला."

विश्वासराव वाकले. एक फोटो उचलला, ठेवला. दुसरा उचलला. चष्मा पुसला. आम्ही चार-पाच शिष्य बसलो होतो, सगळेच माना पुढे करून बघत होतो. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

"हा," ते शेवटी म्हणाले.

बाबांनी फोटो उलटा केला. मागे शाईनं लिहिलं होतं, 'काका'.

विश्वासराव एकदम उसळले. "मग हेच म्हणतोय ना मी! काका काय, मी काय, चेहरा एकच!"

"बरं," बाबा म्हणाले. "आणि तो तिटेवाला तू, हे तुला कळलं कसं?"

"आईनं दाखवलं होतं. लहानपणी."

"आणि तू मानलंस?"

"आई खोटं कशाला सांगेल, बाबा?"

कांचन पुढे आली. भांड्याच्या बुडाला बोट लावलं आणि जुईच्या खऱ्याखुऱ्या गालावर तीट लावली. पोरगी खुदकन हसली.

"ही नाईकनवऱ्यांची जुई," कांचन म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "आई सांगतेय."

विश्वासराव पोरीकडे बघत राहिले. पोरगीही त्यांच्याकडेच बघत होती. तिनं हात पुढे केला आणि त्यांचा चष्मा ओढला.

त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"पण बाबा..." ते पुटपुटले. अजूनही हटायला तयार नव्हते. "भिंतीवर जागाच नाही. पाचच खिळे आहेत."

बाबांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"तुझा उतरव. तुला तरी कुठं ओळखू येतोय?"